कुत्र्याला मोकळं सोडायची तुमची जागा कुठली? (सोलापूरकरांचे अनुभव)

विजापूररोडकर: काल संध्याकाळी जुळे सोलापूरच्या पुढं, जिथं प्लॉट पडलेत पण घरं अजून उठली नाहीत, तिथं एका काकांनी त्यांच्या कारवानी जातीच्या कुत्र्याचा पट्टा सोडला. ते सुटलं ते थेट पलीकडच्या बाभळीपर्यंत! मला आमची मंद्रूपकडची वस्ती आठवली. आजोबांच्या मोत्याच्या गळ्यात पट्टा मी कधी बघितलाच नाही. आमचा शेरू मात्र फ्लॅटमधला. त्याला तिथं पहिल्यांदा सोडलं तेव्हा पळालाच नाही, पायाशी उभा राहून माझ्याकडं बघत होता. मग एकेक झुडूप हुंगत गेला, शेवटी धसकटात मनसोक्त लोळला. त्या रात्री कसला झोपला म्हणून सांगू! तुमची अशी निवांत जागा कुठली? लिहा.

हुरडापार्टी: वनविहाराच्या बाजूला का हो?

विजापूररोडकर: नाही, बरंच पुढं.

तलावकाठ: कारवानीचं नाव काढलं की मला राहवत नाही. मुधोळ म्हणतात तेच. 2005 साली टपाल खात्यानं तिकीट काढलंय त्याच्यावर! आमच्याकडं वडिलांपासून आहेत. हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यावर शिकार करतं. ससा दिसला की तुमची हाक त्याच्या कानात शिरतच नाही. त्या काकांना सांगा, रस्ता जवळ असेल तर लांब दोरी लावूनच पळवा.

शेंगाचटणी: कुकर लावलाय, पटकन लिहिते. उन्हाळ्यात पहाटेच जावा. आपल्याकडं मे महिन्यात पारा 43-44 ला जातो, डांबर संध्याकाळीसुद्धा निवत नाही. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा. चटका बसला की तसंच माघारी फिरा. त्यांना कुठं चपला असतात!

काळीमाती: आणि पावसाळ्यात? चारी पायांना एवढी माती की ओळखू येत नाही. दारातच सोलापुरी चादर अंथरून ठेवलीय, आमच्या सोनीच्या नावावर केली ती.

हुरडापार्टी: चादर कुठली? आता पूर्वीसारखी जाड मिळत नाही.

काळीमाती: पूर्व भागातली. शेजारच्या मामांच्या यंत्रमागावरची, बारा वर्षं तरी झाली असतील. धुऊन धुऊन मऊ झालीय, पण फाटत नाही.

साधीबाई: मी कुत्रं पाळत नाही, पण त्याच बाजूला फिरायला जाते. लहानपणी चावलंय मला. अंगावर धावत आलं की हातपाय गार पडतात. "काही करत नाही ओ" म्हणू नका, आधी पट्टा लावा. एवढंच.

तलावकाठ: बरोबर आहे ताई. माणूस दिसलं की बांधायचं, हा नियमच पाहिजे. आणि कुणाला दात लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना. हळद-चुना नको.

राणीचीआई: आमची राणी दिवाळीनंतर गेली, गोचीड तापानं. गवतातून आलं की कानामागं, बोटांच्या बेचक्यात रोज बघत जा. मी अजून त्या मोकळ्या पटांगणात जाते. बाकीची कुत्री ओळखतात मला, पिशवी हुंगतात.

शेंगाचटणी: अगं 😢 काय बोलू. किती वर्षांची होती?

राणीचीआई: सहा. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर जत्रेच्या) दारूकामाला भिऊन माझ्या पदरात शिरायची. यंदा आवाज ऐकला आणि हात आपोआप खाली गेला.

विजापूररोडकर: ताई, रविवारी सकाळी सहाला या. शेरूला माणसं लागतात.

राणीचीआई: येते. काय आणू?

विजापूररोडकर: पाणी आणा, तिथं नळ नाही. आणि शिळी भाकरी असली तर आणा, कोपऱ्यावर भटकी तिघं असतात.

हुरडापार्टी: मी पण येतो, पत्ता टाका की राव.