प्रतिसाद: चुंबक आणि इंडक्शनची भांडी

बुडाला चुंबक चिकटलं की भांडं इंडक्शन शेगडीवर चालतं, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. ते खरं, पण अर्धंच. चुंबक मध्यभागी लावून न थांबता काठापर्यंत सरकवत न्या. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियमच्या तव्यांना बुडाशी स्टीलची लहानशी चकती बसवलेली असते. बूड २० सेंमीचं आणि चकती १२ची, असंही होतं. शेगडीच्या काचेखालच्या कॉइलचं (तारेच्या वेटोळ्याचं) बदलतं चुंबकीय क्षेत्र मुख्यतः त्या चकतीतच वीजप्रवाह निर्माण करतं, म्हणून तेवढाच भाग जास्त तापतो. मग मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं, आणि शिव्या शेगडीला!

वायरिंगचा विषय मात्र या चर्चेत कुणी काढलेलाच दिसत नाही. ओट्यात बसवायची चार झोनची (चार भांडी ठेवता येणारी) शेगडी पूर्ण जोरात ७ किलोवॅटच्या आसपास घेते. म्हणजे २३० व्होल्टला साधारण ३० अँपिअर. १६ अँपिअरच्या प्लगचं हे काम नव्हे, स्वतंत्र लाइन आणि एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) हवाच. शिवाय शेगडीच्या आतला पंखा खालून हवा ओढतो (बंद केल्यावरही थोडा वेळ घरघरतो, तो बिघाड नाही). खालचा ड्रॉवर काठोकाठ भरलात तर इलेक्ट्रॉनिक्स तापून शेगडी आपोआप बंद पडेल. किती मोकळी जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये असतं, सुताराला आधीच दाखवा.