अमेरिकन बिअर म्हणजे पाणी? मला अजिबात पटत नाही

ओरेगॉनकर: भारतातून किंवा युरोपातून कुणी आलं की ठरलेलं वाक्य, "तुमच्या अमेरिकेत बिअर म्हणजे नुसतं पाणी." अरे पण प्यायलात काय, बड लाइट, मोठ्या कंपनीची हलकी बिअर! त्यावरून अख्ख्या देशाची परीक्षा? कॅलिफोर्नियात चिकोला बनणारी सिएरा नेवाडा पेल एल घ्या, १९८० पासून बनतेय, त्यात कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं), ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा आणि थोडा पाइनचा वास येतो. आज जगभर आयपीएच्या (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) नावाने जे मिळतं त्यातलं बरंचसं याच वासाच्या मागे लागलेलं आहे. माझी आजही हीच नंबर एक.

म्युनिकवाला: नाही पटलं. एवढे हॉप्स घातले की बिअरमधल्या बाकीच्या चुका झाकल्या जातात. लागर प्रकारच्या बिअरमध्ये तशी सोयच नाही, कित्येक आठवडे थंडीत मुरवावी लागते आणि जरा काही बिघडलं की घोटागणिक कळतं. चेकमधल्या पिल्झेनची पिल्सनर उर्केल ही लागर १८४२ पासून आहे, आमच्याकडची ऑगस्टिनर हेलेस प्या, आणि मग सांगा. तुमच्याकडे बारमध्ये अर्ध्याहून जास्त नळ आयपीएचे, त्यात ८ टक्क्यांची डबल आयपीए, एक ग्लास झाला की दुसरा नको वाटतो. बिअर गप्पा मारत प्यायची असते हो.

ओरेगॉनकर: फायरस्टोन वॉकरची पिव्हो पिल्स प्यायलात का कधी? पेनसिल्व्हेनियाची प्रिमा पिल्स? दोन्ही लागरच, दोन्ही अमेरिकन. न पिताच निकाल देताय.

म्युनिकवाला: प्रिमा प्यायलोय, चांगली आहे. पण तीही आमच्याच पद्धतीची, मग अमेरिकेचं त्यात काय?

मिलवॉकीची_ताई: बड आणि मिलर या मोठ्या ब्रँडना सगळे शिव्या घालतात म्हणून सांगते, तांदूळ आणि मका फक्त पैसे वाचवायला घातले नव्हते. जर्मनीतून आलेल्या लोकांनीच इथे ब्रुअरी काढल्या, इथल्या बार्लीत (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या) प्रथिनं जास्त, बिअर गढूळ व्हायची, म्हणून तांदूळ-मका घालून हलकी आणि नितळ केली. खरं नुकसान केलं ते १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने, छोट्या ब्रुअरी बुडाल्या, आणि पुढे मोठ्या कंपन्याच उरल्या. १९७८ ला राष्ट्राध्यक्ष कार्टरनी घरी बिअर बनवायला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली तेव्हा कुठे पुन्हा जीव आला. आणि दादा, १५१६ च्या तुमच्या बव्हेरियातल्या बिअरच्या कायद्यात (फक्त पाणी, बार्ली आणि हॉप्स) गहू नव्हता, तरी गव्हाची बिअर अभिमानाने पिताच ना? मग तांदळावर राग का? माझी आवडती म्हणाल तर न्यू ग्लॅरसची स्पॉटेड काउ, फक्त विस्कॉन्सिनमध्येच विकतात.

म्युनिकवाला: ताई, गव्हाला चव असते. तांदूळ तर चव कमी करायलाच घालतात, माझा आक्षेप तोच आहे.

तारीख_बघा: भांडताय खरे, पण ताजेपणाबद्दल कुणीच बोलत नाहीये. आयपीएमधला हॉप्सचा वास महिना-दोन महिन्यांत उतरतो, दुकानात उजेडात, फ्रिजबाहेर ठेवली असेल तर अजून लवकर. हिरव्या बाटलीतल्या युरोपियन बिअरला जो उग्र वास येतो तोही उजेडामुळेच. कॅनवर तारीख बघून घ्या, महिन्याभरातलीच उचला. जहाजाने आलेली जुनी उर्केल आणि गावातल्या ब्रुअरीची ताजी पेल एल शेजारी ठेवली तर तुलना होतच नाही.

म्युनिकवाला: हे मान्य. पण मग तोच न्याय उलटा लावा, पिल्झेनला जाऊन नळाची उर्केल प्या आणि मग ठरवा.

ओरेगॉनकर: तुम्ही आधी चिकोला या.