एकच लेन्स्की पाचशे वेळा: लेमेशेव मोठे गायक की नुसते लाडके?

पहाटवारा (मूळ धागा)
आठवडाभर रोज रात्री एकच ऐकतेय: रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या 'येव्हगेनी ओनेगिन' या ऑपेराचं मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरचं 1955 सालचं ध्वनिमुद्रण. तात्यानाच्या भूमिकेत गालिना विश्नेव्स्काया, लेन्स्कीच्या भूमिकेत सर्गेई लेमेशेव. लेन्स्की हा मिसरूड फुटलेला कवी. लेमेशेव तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. दुसऱ्या अंकात हा पोरगा बर्फात, गिरणीपाशी, पहाटे मित्राची वाट बघत उभा आहे. मैत्रीचं वैर झालंय, थोड्या वेळात पिस्तुलं निघणार आहेत. "कुदा, कुदा..." कुठे गेलात, माझ्या वसंतातल्या सोनेरी दिवसांनो? पुढे उजाडणारा दिवस आपल्यासाठी काय आणतोय असं तो विचारतो, तेव्हा चाल वरून पायरी पायरीने खाली उतरते. पुष्कळ टेनर (उंच पट्टीचे पुरुष गायक) तिथे गळा काढून रडतात. लेमेशेव ती ओळ जवळजवळ बोलतात. आवाज खाली येतो, पण शब्द एकही विरत नाही. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

हे आपोआप आलेलं नाही. 1902 साली त्वेर प्रांतातल्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्म, पोरवयात जोडे शिवायचं काम, 1921 ला मॉस्को कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालय. मग 1925 मध्ये नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कींच्या स्टुडिओत पहिला लेन्स्की. तो प्रयोग स्तानिस्लाव्स्कींच्या राहत्या घरातल्या खांबांच्या दिवाणखान्यात बसवलेला होता. प्रेक्षक हातभर अंतरावर. तिथे ओरडून भागत नाही, खोटा हावभाव लगेच उघडा पडतो. पुढे स्वेर्दलोव्स्क, हार्बिन, तिबिलिसी करत 1931 ला ते बोल्शोईत आले.

माझं मत स्पष्ट आहे: लेन्स्की गावा तर लेमेशेवनीच.

खर्ज
अजिबात पटलं नाही. त्याच बोल्शोईत, त्याच काळात इव्हान कोझलोव्स्की लेन्स्की गात होते. गळ्यावरचा ताबा, वरच्या सुरांची सहजता, दम, सगळ्यात ते उजवे. शिवाय 'बोरिस गोदुनोव' या ऑपेरातला वेडा फकीर घ्या. भूमिका काही मिनिटांची, पण कोझलोव्स्कींचा तो विव्हळ सूर ऐकल्यावर बाकीचा ऑपेरा मागे पडतो.

लेमेशेवना मोठं केलं सिनेमानं. 1940 च्या 'म्युझिकल स्टोरी'त ते गाणारा टॅक्सी ड्रायव्हर झाले, 1941 ला स्टालिन पारितोषिक मिळालं, आणि देशभरातल्या मुली वेड्या झाल्या. लोकप्रियता म्हणजे गायकी नव्हे. एकच भूमिका 500 वेळा गाणं हे मला तरी मोठेपणाचं लक्षण वाटत नाही, मर्यादेचं वाटतं.

सायंतारा
त्या मुलींबद्दल थोडं. मॉस्कोत लेमेशेववाल्या आणि कोझलोव्स्कीवाल्या असे दोन उघड तट होते. लेमेशेव गॉर्की रस्त्यावर राहत, समोर चीजचं दुकान. थंडीत त्यांची वाट बघणाऱ्या चाहत्या ऊब मिळावी म्हणून त्या दुकानात शिरत, त्यावरून त्यांना 'चीजवाल्या' हेच नाव पडलं. हे नुसतं वेड म्हणून उडवून लावू नका. दोन गायकांचा एकच आरिया (ऑपेरातलं एकल गाणं) पाठोपाठ ऐकून भांडणारे श्रोते होते ते!

आणि युद्धाच्या काळात लेमेशेवना क्षयानं गाठलं. उपचारासाठी एक फुप्फुस मिटवून ठेवलं होतं. त्या अवस्थेत माणूस वर्षानुवर्षं ऑपेरा गात होता. याला काय म्हणाल?

खर्ज
जिद्द म्हणेन, आणि त्यासाठी हात जोडेन. पण आजारपणाचे गुण गाण्याला देता येत नाहीत. 1955 च्या मुद्रणात लांब ओळींना दम कमी पडतो, वरचे सूर सावधपणे लावलेत. कान उघडे ठेवून ऐका.

पहाटवारा
@खर्ज, ऐकलंय, आणि ती सावधगिरी मलाही जाणवते. पण मर्यादेचा मुद्दा मी सोडणार नाही. याच माणसानं 1938 मध्ये चायकोव्हस्कीची शंभर गाणी ओळीनं पाच मैफलींत गायली. 'रिगोलेत्तो'चा ड्यूक, 'स्नेगुरोच्का'तला राजा बेरेन्देय, रोमिओ, आल्फ्रेदो, सगळं केलं. लेन्स्कीकडे ते परत परत आले, कारण ती भूमिका सोपी नाही. ज्या काव्यावर हा ऑपेरा बेतलाय, त्यात कवी पुश्किननं लेन्स्कीच्या या ओळींची थट्टा केली आहे, कवितेला 'धूसर नि मरगळलेली' म्हटलंय. चायकोव्हस्कीनं मात्र त्याच ओळींना काळीज पिळवटणारी चाल दिली. म्हणजे गायकाला कच्ची कविता खऱ्या दुःखानं गायची असते. गळ्याची चमक दाखवली की लेन्स्की नुसता टेनर होतो. कोझलोव्स्कींच्या लेन्स्कीत मला सुंदर आवाज ऐकू येतो, मरायला निघालेला मुलगा ऐकू येत नाही.

खर्ज
मला नेमका तोच ऐकू येतो, इथेच आपली वाट वेगळी. चायकोव्हस्कीनं सूर लिहिले आहेत, ते पूर्ण भरून लागले की मुलगा आपोआप उभा राहतो. त्याला बोलण्याचा टेकू लागत नाही. शंभर गाण्यांचा मुद्दा मान्य, 'मर्यादा' हा शब्द मागे घेतो.

पण सत्तरीत, 1972 साली, पुन्हा बोल्शोईत लेन्स्की म्हणून उभं राहणं मला मान्य नाही. प्रेक्षकांनी प्रेमापोटी ते मागितलं असेल, गायकानं नाही म्हणायला हवं होतं.

सायंतारा
का म्हणून नाही म्हणायचं? "कुठे गेलात, सोनेरी दिवसांनो" हे विचारायचा हक्क सत्तरीच्या माणसाला जास्त आहे.

पहाटवारा
आज रात्री दोघांचा "कुदा, कुदा" पुन्हा लावते. आधी कोझलोव्स्की. खर्ज, तुम्हीही ऐका, पण लेमेशेव आधी लावा.