मदत हवी आहे : बेडूक आणि जास्वंद यांच्या तुलनेत परागकणासमोर काय लिहावे?

नमस्कार. उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी मी लैंगिक प्रजननाचा तुलनात्मक तक्ता तयार करीत असून, त्यात एका बाजूला बैलबेडूक (होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस) व दुसऱ्या बाजूला जास्वंद (हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस) घेतली आहे. अडले आहे ते युग्मकांच्या (फलनात एकत्र येणाऱ्या नर व मादी पेशींच्या) ओळीत.

अनेक टिपणांत बेडकाच्या शुक्रपेशीसमोर सरळ 'परागकण' लिहिलेला आढळतो. मला ते पटत नाही. बेडकाच्या वृषणात अर्धसूत्री विभाजनातून (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनातून) निघालेल्या पेशींचे थेट शुक्रपेशींत रूपांतर होते. जास्वंदीच्या परागकोशात मात्र त्या विभाजनातून लघुबीजाणू (ज्यांपासून परागकण बनतात त्या पेशी) तयार होतात, प्रत्येक लघुबीजाणू पुन्हा विभागून नलिकापेशी व जननपेशी बनतात आणि जननपेशीपासून पुढे दोन पुंयुग्मके (नर युग्मके) मिळतात. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी चेंडूसारखा दिसणारा तो कण स्वतः युग्मक नसून पुंयुग्मकोद्भिद, अर्थात नर युग्मके तयार करणारी एक अतिसूक्ष्म स्वतंत्र पिढीच आहे. बेडकात तिला जोड नाही.

मादीच्या बाजूला तर फरक अधिकच ठळक होतो. सपुष्प वनस्पतींत सामान्यतः अर्धसूत्री विभाजन आटोपल्यावर महाबीजाणूचे (बीजांडात त्या विभाजनातून बनलेल्या पेशीचे) केंद्रक तीनदा विभागून सात पेशींचा व आठ केंद्रकांचा भ्रूणकोष, म्हणजे मादी युग्मकोद्भिद, बनतो आणि त्यानंतर फलन होते. याउलट बेडकाचे अंडे पाण्यात पडते तेव्हा त्याचे दुसरे अर्धसूत्री विभाजन अपुरेच असते. शुक्रपेशी आत शिरल्यावरच ते पूर्ण होते. मग 'अर्धसूत्री विभाजन, युग्मक, फलन' हा तक्त्याचा क्रमच एका बाजूला लागू पडत नाही.

माझा विचार असा की, 'युग्मकोद्भिद' अशी वेगळी ओळ घालून बेडकाच्या रकान्यात 'नाही' लिहावे व शुक्रपेशीसमोर पुंयुग्मक ठेवावे. हे शास्त्रीयदृष्ट्या योग्य होईल का?

आणखी एक शंका भ्रूणपोषाची, म्हणजे बियांतील भ्रूणाला अन्न पुरवणाऱ्या ऊतीची. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी 1898 मध्ये दाखवून दिलेल्या दुहेरी फलनातून (एक पुंयुग्मक अंडपेशीशी व दुसरे भ्रूणकोषाच्या मध्यपेशीशी एकरूप होते) तो निर्माण होतो, तर बेडकाच्या अंड्यातील पीतक (भ्रूणाचे अन्न) फलनापूर्वीच साठवलेले असते. कार्य सारखे, उगम वेगळा. तरीही दोन्ही एकाच ओळीत मांडावेत का? शिवाय जास्वंदीच्या बागेतील अनेक जातींना बी धरत नाही आणि त्या छाटकलमानेच वाढवतात, त्यामुळे फलनाच्या उदाहरणासाठी वाटाणा अधिक सोयीचा ठरेल का, याबद्दलही जाणकारांनी कृपया मत द्यावे.