सोशल ड्रिंकिंग कुठे संपतं आणि व्यसन कुठे सुरू होतं?

तिठा:
"मी फक्त सोशल ड्रिंकर आहे" हे कधी खरं मानायचं, हे ठरवायला काही नेमकं मोजमाप आहे का? उदाहरणासाठी असा माणूस धरा: आठवड्यातून दोनदाच पितो, एकटा कधीच नाही, कामावर खाडा नाही, घरात भांडण नाही. पण बसला की चार-पाच पेग होतात, आणि "आज दोनच" असं ठरवून बसला तरी तेवढेच होतात. याला काय म्हणायचं? त्याने महिनाभर सोडून दाखवली तर प्रश्न मिटला का? रक्ततपासणीत कळतं का?

कवडसा:
आधी पेग मोजणं सोडा. घरी ओतलेला पेग ६० मिलीचा आहे असं समजतात, पण मापाने ओतून पाहिलं की बहुतेकदा जास्त निघतो. हिशोब ग्रॅममध्ये करा: मिली गुणिले टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७९. ४० टक्क्यांची ६० मिली म्हणजे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे जवळजवळ २६ ग्रॅम. त्यामुळे "मी फक्त बिअर घेतो" याने काहीच सिद्ध होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची १० प्रश्नांची प्रश्नावली आहे, ० ते ४० गुणांची. तिच्यात १० ग्रॅमचं एक ड्रिंक धरतात. तुमचा माणूस तिच्यात बसवून पाहा. आठवड्यातून दोनदा: ३ गुण. एका बैठकीत साधारण आठ-नऊ ड्रिंक: ३. सहा किंवा जास्त ड्रिंक एका वेळी, दर आठवड्याला: ३. सुरू केल्यावर थांबता आलं नाही, दर आठवड्याला: आणखी ३. उरलेल्या सहा प्रश्नांना शून्य दिले तरी १२ झाले. ८ किंवा जास्त गुण झाले तर पिणं धोक्याचं मानतात, २० किंवा जास्त झाले तर अवलंबित्वाची दाट शंका घेऊन तज्ज्ञाकडे पाठवतात. म्हणजे तो व्यसनी आहे असं लगेच ठरत नाही, पण 'सोशल' या शब्दाच्या आडोशाला तो आता राहिलेला नाही.

सांजवारा:
कवडसा यांच्या हिशोबाला +१, पण नुसत्या प्रमाणावर निदान होत नाही. मानसोपचारात २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत दारूच्या व्यसनाचे ११ निकष आहेत. त्यांतले १२ महिन्यांत दोन-तीन जुळले तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त तीव्र. म्हणजे इकडे सोशल आणि तिकडे दारुडा अशी एक रेघ नाहीच, हा उतार आहे. त्यातला पहिलाच निकष म्हणजे ठरवलं त्यापेक्षा जास्त किंवा जास्त वेळ पिणं. तुमच्या उदाहरणात तो स्पष्ट दिसतो. बाकीचे विचारून बघावे लागतील: कमी करायचे प्रयत्न फसले का, तल्लफ येते का, पिण्यासाठी इतर आवडी सुटल्या का, तेवढ्याच परिणामासाठी जास्त लागते का.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं. "त्याला चढतच नाही" असं कौतुकाने सांगतात. ती ताकद नव्हे, मेंदू दारूला सरावल्याची खूण आहे.

महिनाभर सोडून दाखवण्याची कसोटी फसवी आहे. अजिबात न पिणं अनेक व्यसनी माणसांना काही आठवडे जमतं; पहिल्या ग्लासानंतर थांबणं जमत नाही. बसण्याआधी आकडा कागदावर लिहा, उठल्यावर खरा आकडा त्याच्याशेजारी लिहा. असं आठ बैठका करा. दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा जुळत नसतील तर उत्तर समोरच आहे. कार्यक्रमाला जाण्याआधी घरी एक घेऊन निघणं, बाटली संपत आली की जीव कासावीस होणं, न पिणाऱ्या मित्रांना हळूहळू टाळणं, हेही नोंदवा.

तिठा:
आणि आकडे जुळले नाहीत तर दुसऱ्या दिवसापासून पूर्ण बंद?

शंखपुष्पी:
इथे घाई करू नका! आठवड्यातून दोनदा पिणाऱ्याला सहसा त्रास होत नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याने झटक्यात बंद केली तर जिवावर बेतू शकतं. दारू मेंदूला शांत करते, म्हणून मेंदू तोल राखायला उत्तेजक बाजू वाढवून ठेवतो. दारू एकदम काढली की ती बाजू मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात कापतात, घाम येतो, छाती धडधडते. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि एक घोट दारू पोटात गेल्यावर हात स्थिर होतो, तर शरीराचं अवलंबित्व आलंय हे नक्की समजा. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप. अशा माणसाने सांजवारा यांची चाचणीही करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन सोडवावी लागते, आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, सोबत लागतं. ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

रक्ततपासणीचं: जीजीटी (यकृताशी संबंधित एक एन्झाइम) आणि एमसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचा सरासरी आकार) वाढलेले दिसले तर शंका बळावते, पण ते इतर कारणांनीही वाढतात. शिवाय व्यसन जडलेल्या माणसाचे रिपोर्टही नॉर्मल येऊ शकतात. "लिव्हर ठीक आहे" म्हणजे पिणं ठीक आहे असा अर्थ काढू नका.

कवडसा:
एक भर, कारण हे सर्रास केलं जातं: डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी न सांगता जेवणात मिसळू नका. वरून दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही ओढवू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

बोलायचं असेल तर तो प्यायलेला नसताना, सकाळी बोला. "तू दारुडा आहेस" म्हटलं की तो वाद जिंकण्यात गुंततो. "शुक्रवारी दोन म्हणाला होतास, पाच झाले, रविवारीही तेच झालं" एवढंच सांगा, आणि डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा, म्हणजे तो हो म्हणाला तर त्याच दिवशी जाता येईल.