मदत हवी आहे: मावशीचा हाउसिंग बेनिफिट थेट घरमालकाला कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी. माझी मावशी (वय ७६) लंडनजवळ खासगी भाड्याच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. पेन्शनचं वय असल्याने तिला युनिव्हर्सल क्रेडिट (कामाच्या वयातल्यांचा सरकारी भत्ता) नाही, काउन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून) हाउसिंग बेनिफिट, म्हणजे घरभाड्यासाठीची सरकारी मदत मिळते. खासगी भाडेकरू म्हणून रक्कम तिच्याच खात्यात येते, दर चार आठवड्यांनी. भाडं मात्र दर महिन्याच्या १ तारखेला. ही तारखांची जुळवाजुळव आता तिला झेपत नाही. हल्ली विसरायला होतं, दोनदा भाडं थकलं. घर जाईल या भीतीने ती रात्ररात्र जागी असते, फोनवर रडते. मला ते ऐकवत नाही.

आठ आठवड्यांचं भाडं थकलं की पैसे थेट घरमालकाला देता येतात, हे माहीत आहे. पण तोवर थांबायचं का? व्यवहार सांभाळणं जमत नसेल तर काउन्सिल आधीही तसं करू शकतं म्हणे. कोणी असा अर्ज केला आहे का? जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) पत्र पुरलं की आणखी काही मागितलं? आणि बेनिफिट लोकल हाउसिंग अलाउन्सच्या (त्या भागासाठी ठरवलेल्या कमाल भाडे-मदतीच्या) मर्यादेपर्यंतच मिळतो, मग वरची तूट घरमालकाला वेगळी कशी देता? स्टँडिंग ऑर्डर (बँकेतून ठरावीक तारखेला आपोआप पैसे जाण्याची सोय) लावली का?

अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.