गौरी गिल आणि जव्हारचे मुखवटे

बरेच जण म्हणतात की फोटोग्राफर गरिबांचे फोटो काढून स्वतःचंच नाव करतात, बऱ्याचदा खरंय ते, पण फोटोग्राफर गौरी गिलचं काम बघा एकदा. दिल्लीची बाई, पण डहाणूजवळ गंजाडला राजेश वांगड या वारली चित्रकारासोबत २०१३ पासून काम केलंय, हिचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि त्यावर त्यांची वारली रेखाटनं, म्हणजे फोटोत न दिसणारं गावचं दुखणं ते रेखाटणार, आणि नाव दोघांचं! जव्हारकडे तर बोहाड्याचे (देवादिकांचे मुखवटे घालून नाचायचा तिकडचा उत्सव) मुखवटे करणाऱ्यांना तिने देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितलं आणि ते घालून गावकरीच फोटोत उभे राहिले. ही मोर्चाछाप अ‍ॅक्टिव्हिझम नाही, पण मला तरी अशीच जास्त पटते.